सात दिवसांचा धसका : नाशिकच्या एका रुग्णालयातले वापरलेले मास्क आणि गाऊन

पार्श्वभूमी

गोष्ट जुलै २०२० मधली. नाशिकमधले एक छोटे खासगी रुग्णालय, ३० खाटांचे. नाव देत नाही, माणसांची ओळखही देत नाही. एरवी तिथे प्रसूती आणि लहानमोठ्या शस्त्रक्रिया व्हायच्या. शहरात रुग्ण वाढू लागले तसा वरचा मजला कोविडसाठी राखून ठेवला, तिथे १२ खाटा. मी तिथे सिस्टर होते आणि नेहमीची ड्युटी सांभाळून संसर्ग नियंत्रणाचे काम माझ्याकडे होते.

वरच्या मजल्यावर आळीपाळीने काम करणारे आम्ही १८ जण. त्यात सिस्टर, वॉर्डबॉय आणि मावशी. कोणी सातपूरहून दुचाकीवर यायचे, कोणी पंचवटीतून, एक वॉर्डबॉय थेट निफाडकडून. कपडे धुण्याचे काम खालच्या मजल्यावर एका मामांकडे होते. वय साठीच्या घरात, मधुमेह. या प्रकरणात त्यांचा वाटा मोठा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

एका पाळीला पाच जण धरले तर दिवसाला १५ एन-९५ मास्क लागायचे, आठवड्याला १०५. पुरवठादार कसेबसे ४० ते ५० द्यायचा. पीपीईच्या अखंड सूटची तेवढी टंचाई नव्हती, पण सर्वांना तो पुरेल इतकाही साठा नव्हता. म्हणून रुग्णाच्या अगदी जवळचे काम करणाऱ्यांना सूट आणि बाकीच्यांना सुती गाऊनवर प्लॅस्टिकचा एप्रन, अशी विभागणी होती.

अडचण कुठून सुरू झाली

सुरुवात मोबाइलवर फिरणाऱ्या एका निरोपातून झाली. ‘मास्कवर कोरोना सात दिवस जिवंत राहतो.’ निरोप खोटा नव्हता. हाँगकाँगच्या संशोधकांनी एप्रिल २०२० मध्ये तसे प्रसिद्ध केलेच होते. पण निरोपात एवढे एकच वाक्य आले आणि ते आमच्या कपडे बदलायच्या खोलीत येऊन बसले.

पुढच्या आठवड्यात तीन गोष्टी घडल्या.

एका सिस्टरच्या लॉकरमधून सॅनिटायझरचा उग्र वास येत होता म्हणून उघडायला सांगितले. आत प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत एन-९५ मास्क होता, ओलाचिंब. ड्युटी संपली की ती त्यावर दोन्ही बाजूंनी सॅनिटायझर फवारायची, पिशवीला गाठ मारायची आणि दुसऱ्या दिवशी तोच घालायची. पिशवीच्या आतल्या बाजूला थेंब जमले होते. विचारले तर म्हणाली, “सिस्टर, घरी दीड वर्षाचं बाळ आहे. सात दिवस विषाणू राहतो म्हणतात, मग मी काय करू?” बाकीचे लॉकर पाहिले. असे फवारलेले किंवा साबणाने धुतलेले २३ मास्क निघाले.

दुसरी गोष्ट, मामांनी वरच्या मजल्याच्या गाऊनच्या गाठोड्यांना हात लावायला नकार दिला. भांडण नाही, आवाज नाही. फक्त म्हणाले, “ताई, माझ्याच्यानं होणार नाही.” दोन दिवसांत जिन्याखाली गाठोड्यांचा ढीग लागला.

तिसरी गोष्ट कळायला मला उशीर झाला. ती पुढे सांगते.

सॅनिटायझरने काय होते, हे आधी सांगायला हवे, कारण त्या २३ मास्कचे नुकसान विषाणूने केले नव्हते. एन-९५ ची गाळणी म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या अतिशय बारीक तंतूंचा थर. त्या तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. कण नुसते जाळीत अडकत नाहीत, भारामुळे तंतूंकडे ओढलेही जातात. अल्कोहोल किंवा साबण लागला की हा भार जातो. मास्क दिसायला तसाच राहतो, नाकावर बसतोही तसाच, पण गाळायची ताकद बरीच उतरलेली असते. ती सिस्टर बाळाच्या काळजीपोटी रोज अधिक कमकुवत मास्क घालून रुग्णांजवळ जात होती. सगळे २३ मास्क मी दूषित कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकले. टंचाईच्या दिवसांत ते टाकताना जिवावर आले.

‘सात दिवस’ म्हणजे नक्की काय

मी, मेट्रन म्हणजे मुख्य परिचारिका आणि आमचे भूलतज्ज्ञ सर असे तिघे एका संध्याकाळी बसलो आणि मिळेल ते वाचून काढले.

हाँगकाँगच्या प्रयोगात सुमारे २२ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता ठेवली होती. विषाणूंनी भरलेला द्रवाचा थेंब वेगवेगळ्या पृष्ठभागांवर टाकून काही काळाने तिथून विषाणू परत मिळतो का, हे पाहिले. छपाईचा कागद आणि टिश्यू पेपर यांच्यावर तीन तासांनंतर काही मिळाले नाही. कापडावर दुसऱ्या दिवशी नाही. सर्जिकल मास्कच्या आतल्या थरावर चौथ्या दिवशी होता, सातव्या दिवशी नव्हता. बाहेरच्या थरावर मात्र सातव्या दिवशीही थोडा मिळाला. थोडा म्हणजे मुळात टाकला होता त्याच्या सुमारे ०.१ टक्का. तो काढण्यासाठी पृष्ठभाग खास द्रवात भिजवला होता. बोट लागल्याने इतका विषाणू हाताला येईल असे त्यातून निघत नाही, आणि हे त्या संशोधकांनी स्वतःच नमूद केले आहे.

त्याआधी मार्चमध्ये अमेरिकी संशोधकांचा प्रयोग आला होता. त्यात प्लॅस्टिक आणि स्टीलवर दोन ते तीन दिवस, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत, तांब्यावर चार तासांपर्यंत. पण प्लॅस्टिकवर तीन दिवस मिळाला तरी तो रोज झपाट्याने घटत होता. दर सहा-सात तासांनी निम्मा. म्हणजे दिवस संपेपर्यंत दहावा हिस्सासुद्धा उरत नाही.

आमच्या कामाचा सर्वांत मोठा धागा मात्र जुना निघाला. २००३ च्या सार्स साथीतल्या, कोरोनाच्याच कुळातल्या विषाणूवर केलेला एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात रुग्णालयातला एकदाच वापरायचा गाऊन आणि सुती गाऊन यांची तुलना होती. थेंबात विषाणू भरपूर असेल तर एकदाच वापरायच्या गाऊनवर तो दोन दिवस टिकला, सुतीवर एक दिवस. थेंबातले विषाणू शंभर पटींनी कमी केल्यावर एकदाच वापरायच्या गाऊनवर एक तास आणि सुती गाऊनवर पाच मिनिटे.

पाच मिनिटे! सरांनी तो आकडा दोनदा वाचून दाखवला. कारण उघड आहे. सुती कापड थेंब शोषून घेते आणि तो लवकर सुकतो. प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत कापडावर थेंब तसाच बसून राहतो. मामा ज्या सुती गाऊनला घाबरत होते, त्यावर विषाणू टिकायला सर्वांत कमी वाव होता. आणि ज्या चकचकीत सूटमध्ये आम्हाला सुरक्षित वाटायचे, तो अंगावरून उतरवतानाच जास्त जपायला हवे होते.

किती दिवस, या प्रश्नाला एक उत्तर नाही. किती विषाणू पडला, कशावर पडला, हवा किती गरम, यावर ते ठरते. त्याच हाँगकाँगच्या प्रयोगात द्रवातला विषाणू ४ अंशांवर १४ दिवसांनीही बऱ्यापैकी टिकून होता आणि ७० अंशांवर पाच मिनिटांत संपला. उष्णतेचा हिशोब सरळ आहे, आर्द्रतेचा तितका सरळ नाही. आमच्याकडे तर श्रावणातली सर्द हवा, भिंतींना ओल आणि दोन दिवस न वाळणारे कपडे.

समोरचे पर्याय

रोज नवा मास्क देणे शक्यच नव्हते. ऑटोक्लेव्हचा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा विचार सर्वांत आधी आला, कारण यंत्र घरचेच होते. पण १२१ अंशांच्या वाफेत साच्यातल्या कपसारख्या मास्कचा आकार बिघडतो आणि आमच्याकडे बहुतेक तेच होते. चेहऱ्याला घट्ट न बसणारा एन-९५ कितीही निर्जंतुक असला तरी कामाचा नाही.

अतिनील किरणांची पेटी विकायला एक प्रतिनिधी आले होते. दिसायला छान, दर परवडण्यासारखा. सरांनी एकच विचारले, मास्कवर प्रति चौरस सेंटिमीटर किती जूल मात्रा पडते? अशा कामासाठी किमान १ जूल लागते असे आमच्या वाचनात आले होते. त्यांना सांगता आले नाही. शिवाय किरण जिथे पोचत नाहीत तिथे काही करत नाहीत. घडीच्या आत, पट्टीखाली सावलीच राहते. पेटी परत गेली. हा नकार देताना मेट्रनला वाईट वाटले होते, कारण कर्मचाऱ्यांना काहीतरी डोळ्यांना दिसणारे हवे होते आणि निळा उजेड दिसतो.

प्रयोगशाळेतला कोरड्या उष्णतेचा ओव्हन हा खरोखर विचार करण्यासारखा पर्याय होता. ७० अंशांची कोरडी उष्णता विषाणू निकामी करते आणि एक-दोन फेऱ्यांपर्यंत मास्कही बऱ्यापैकी टिकतो. पण आमच्याकडे ओव्हन एकच, त्यात नमुन्यांच्या कामाची काचेची भांडी वाळायची. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेचे मोठे यंत्र आमच्या आवाक्याबाहेर होते.

उरला तो सर्वांत साधा उपाय, मास्कला विश्रांती देणे. प्रत्येकाला पाच मास्क. रोज एक वापरायचा, कागदी पिशवीत ठेवायचा आणि पहिल्याची पाळी पुन्हा यायच्या आत पाच दिवस जाऊ द्यायचे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने टंचाईच्या काळासाठी हाच मार्ग सुचवला होता आणि एक मास्क पाचपेक्षा जास्त वेळा वापरू नये असेही म्हटले होते. हिशोब केला. १८ जणांना प्रत्येकी पाच म्हणजे ९० मास्क, आणि त्यात प्रत्येकाच्या २५ ड्युट्या निघतात. रोज नवा दिला असता तर तेच ९० मास्क सहा दिवसांत संपले असते.

मेट्रनने अवघड प्रश्न विचारलाच. सातव्या दिवशीही विषाणू सापडू शकतो तर पाच दिवस कसे पुरतील? यावर आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी असे ठरवले की पाच दिवसांनी विषाणू अगदी नगण्य उरेल, पण आम्ही मास्क स्वच्छ झाला असे कधीच म्हणायचे नाही. तो वापरलेलाच समजायचा, पुढच्या भागाला हात लावायचा नाही, घालण्याआधी आणि नंतर हात धुवायचे. उरलेल्या धोक्याची काळजी हातांनी घ्यायची.

काय केले

पिशव्या मेडिकलमधून खाकी कागदाच्या आणल्या. त्या ठेवायच्या कशात? निफाडकडच्या वॉर्डबॉयने सोय केली. लॉकडाऊनमध्ये द्राक्षाचा हंगाम कोलमडला आणि त्याच्या चुलत्यांकडे नव्याकोऱ्या पुठ्ठ्याच्या पेट्या पडून होत्या. द्राक्षाला हवा लागावी म्हणून पेटीला बाजूने गोल भोके असतात. तीच आम्हाला हवी होती. १ ते ५ आकडे टाकून पेट्या उंच फळीवर ठेवल्या, भिंतीच्या ओलीपासून हातभर लांब. पिशवीवर नाव, मास्कचा क्रमांक आणि वापराच्या उभ्या रेघा. पाचवी रेघ मारली की मास्क पिवळ्या पिशवीत. पट्टी सैल झाली, मास्क ओला झाला किंवा त्यावर काही उडाले, तर रेघा न मोजता टाकायचा.

पिशव्या तिसऱ्याच दिवशी सर्द होऊन मऊ पडल्या. कागद बोटाला लागला की दमटपणा कळायचा. मग पेट्या वरच्या मजल्याच्या कोरड्या खोलीत हलवल्या, पंखा सुरू ठेवला आणि पिशवी मऊ लागली की बदलायची असा नियम केला.

मामांच्या बाबतीत एक सूचना आली होती की गाऊन तीन दिवस पिशवीत बांधून ठेवावेत आणि मग धुवावेत, म्हणजे भीतीच नको. ती मी नाकारली. घामाने ओले गाऊन पावसाळ्यात तीन दिवस बांधून ठेवले तर बुरशी आणि दुर्गंधी ठरलेली. आणि धुतल्याने जे अर्ध्या तासात होते त्यासाठी तीन दिवस कशाला थांबायचे? या विषाणूवर चरबीचे आवरण असते, साबण आणि गरम पाणी ते फोडून टाकतात. ६० अंशांच्या वरचे पाणी आणि नेहमीची पावडर पुरेशी आहे.

मी मामांसमोर बसून सांगितले. कागद दाखवले नाहीत. गाऊन काढणाऱ्यानेच तो आतली बाजू वर करून गुंडाळायचा, पिशवीत घालून तोंड बांधायचे, मामांनी गाठोडे झटकायचे नाही, पिशवी थेट मशीनच्या तोंडाशी उघडायची. हातमोजे, एप्रन, मास्क त्यांनाही. पहिल्या दिवशी मीच त्यांच्यासोबत मशीन भरले. ते पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “राहू द्या ताई, तुमची पाठ दुखेल,” आणि गाठोडे हातात घेतले.

मध्येच आलेले वळण

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्यातले तिघे बाधित निघाले. दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय. सगळ्यांच्या नजरा द्राक्षाच्या पेट्यांकडे गेल्या. मलाही तीच शंका आली. नोंदी काढल्या, पिशव्या पाहिल्या, रेघा मोजल्या. चूक सापडली नाही.

मग तिघांना फोन करून रोजचा दिवस विचारला. तिघे एकाच पाळीत होते आणि जिन्याजवळच्या बिनखिडकीच्या खोलीत एकत्र डबा खात होते. अर्धा-पाऊण तास, मास्क काढून, भाकरी-ठेचा वाटून घेत. दिवसभर सूटमध्ये घुसमटलेली माणसे तिथे जरा मोकळी व्हायची. त्यांना मी दोष देत नाही. संसर्ग तिथेच झाला हे मी सिद्ध करू शकत नाही, पण बंद खोलीत श्वास एकमेकांना मिळत होता आणि मी कागदी पिशव्यांची ओल तपासत होते. हीच ती तिसरी गोष्ट, जी माझ्या डोळ्यांसमोर असून मी पाहिली नव्हती. आम्ही त्याच दिवशी जेवण गच्चीवरच्या पत्र्याखाली हलवले. एका वेळी दोघे, मध्ये सहा फूट.

त्याच आठवड्यात मी दोन दिवस पीपीई काढायच्या जागी नुसती उभी राहिले. तिथे आणखी एक कळले. गॉगल काढताना बहुतेकांचा हात मास्कच्या पुढच्या भागाला लागत होता. आणि ज्यांचा लागत होता त्यांना ते जाणवतही नव्हते. भिंतीवर मोठा आरसा लावला आणि काढताना दुसऱ्याने समोर उभे राहून पायऱ्या म्हणायच्या असे ठरवले. हातमोजे, हात स्वच्छ, सूट, पुन्हा हात, गॉगल, पुन्हा हात, सर्वांत शेवटी मास्क, तोही मागच्या पट्ट्यांनी. सर्वांत चोख काम एका मावशींचे होते. त्या म्हणाल्या, “सोवळ्यातनं बाहेर येतानाची सवय आहे मला.”

परिणाम

सप्टेंबरमध्ये रुग्णांचा भार सर्वांत जास्त असताना आमचे एन-९५ संपले नाहीत. तिघे बरे होऊन कामावर आले. मामा शेवटपर्यंत ठणठणीत राहिले. त्यानंतर डिसेंबरपर्यंत आणखी दोघे बाधित झाले, एकाच्या घरात आधी रुग्ण होता, दुसऱ्याचे कारण कळले नाही.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा एक बातमी आली, की काच, स्टील आणि नोटांवर विषाणू २८ दिवस राहतो. ऑस्ट्रेलियातला प्रयोग, २० अंशांवर आणि अंधारात केलेला. ४० अंशांवर तोच विषाणू ४८ तासांच्या पुढे टिकला नव्हता. बिलाच्या खिडकीवरच्या मुलाने दोन दिवस नोटा चिमट्याने घेतल्या. वरच्या मजल्यावर मात्र कोणी घाबरले नाही. “किती अंशांवर, सिस्टर?” असे एका वॉर्डबॉयने मलाच विचारले.

एप्रिल २०२१ मध्ये सीडीसीने म्हटले की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी आहे. हे सर्वसामान्य वावराबद्दल आहे, कोविड कक्षात पीपीई काढणाऱ्याबद्दल नाही. तरीही डब्याच्या खोलीची मला पुन्हा आठवण झाली.

आज पुन्हा करायचे झाले तर

हवेपासून सुरुवात करीन. माणसे मास्क कुठे काढतात, ती जागा आधी पाहीन, पेट्या नंतर.

भिंतीवरची पहिली पाटी लावणार नाही. आम्ही लिहिले होते, ‘विषाणू ७२ तासांत निष्क्रिय होतो, मास्क पाच दिवस ठेवा.’ हेतू धीर देण्याचा होता. पण एकदा एक जण पेटीतला मास्क हातात घेऊन पुढच्या बाजूने दाबून आकार नीट करताना दिसला. म्हणाला, झाले ना पाच दिवस. चूक पाटीची होती आणि पाटी मी लिहिली होती. नंतर बदलून लिहिले, ‘पिशवीतून काढलेला मास्क वापरलेलाच समजा.’

मामांशी पहिल्या दिवशीच बोलेन. त्यांच्या नकारानंतर दोन दिवस आम्ही दुसरा माणूस शोधण्यात घालवले, त्यांना काय कळले आहे हे कोणी विचारलेच नाही.

आणि हा पाच दिवसांचा नियम दुसऱ्या आजाराला तसाच लावणार नाही. रोटाव्हायरस, नोरोव्हायरस यांच्यावर चरबीचे आवरण नसते. ते पृष्ठभागांवर जास्त चिवट असतात आणि नोरोव्हायरस तर नेहमीच्या अल्कोहोल सॅनिटायझरलाही सहज दाद देत नाही. जुलाबाच्या साथीत गाऊनची हाताळणी, हात धुणे आणि हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीचचे द्रावण यांचा विचार पहिल्यापासून करावा लागेल. मास्कची टंचाई नसेल तर फेरवापर मुळातच करू नये, हे तर आहेच. आम्ही केला तो अडचणीतला मार्ग होता.

गाठोड्यांवर एक खूण करायची राहून गेली होती. ती मामांनी मागून घेतली. “ताई, कुठलं ओलं आणि कुठलं सुकं तेवढं बाहेरून कळू द्या, ओलं मी आधी घेतो.” तेव्हापासून ओल्या गाठोड्याला लाल दोरी बांधतो.